विश्लेषण : गुलामांच्या जहाजाच्या कप्तानाने ‘अमेझिंग ग्रेस’ कसे लिहिले? जॉन न्यूटन यांची खरी गोष्ट काय?

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात जून २०१५ मध्ये एका चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. त्यांपैकी पाद्री क्लेमेंटा पिंकनी यांच्या अंत्यविधीत तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा भाषण करता करता थांबले आणि ‘अमेझिंग ग्रेस’ गाऊ लागले. पाहता पाहता सभागृहाने त्यांच्या सुरात सूर मिसळला. हे दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल. मात्र हे गीत लिहिणारा माणूस स्वतः गुलामांच्या जहाजावर कप्तान होता, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना बहुतेक वेळा गोष्टीची छोटी आवृत्ती माहीत असते : वादळात देव आठवला, त्याच क्षणी व्यापार सोडला आणि गीत लिहिले. प्रत्यक्षात असे घडले नाही. जे घडले ते संथ, अवघडलेले आणि अधिक विचार करायला लावणारे आहे.

हे न्यूटन नेमके कोण?

सुरुवातीलाच एक खुलासा. हे गुरुत्वाकर्षणाचे न्यूटन नव्हेत. आयझॅक न्यूटन यांचे निधन १७२७ मध्ये झाले, तेव्हा जॉन न्यूटन दोन वर्षांचेही नव्हते. दोघांचा काही संबंध नाही.

जॉन न्यूटन यांचा जन्म २४ जुलै १७२५ रोजी लंडनच्या वॅपिंग या बंदराजवळच्या भागात झाला. वडील भूमध्य समुद्रात व्यापारी जहाज चालवत आणि महिनोन्महिने घराबाहेर असत. आई एलिझाबेथ अत्यंत श्रद्धाळू होत्या. मुलाने पाद्री व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी त्याला लहानपणीच वाचायला शिकवले, बायबलमधले उतारे आणि स्तोत्रे पाठ करून घेतली. मात्र जॉन सात वर्षांचे होण्याच्या काही दिवस आधी क्षयाने त्यांचे निधन झाले. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि अकराव्या वर्षी मुलाला आपल्याबरोबर जहाजावर नेले.

१७४२ मध्ये वडिलांनी मुलासाठी जमैकात नोकरी शोधली. निघण्यापूर्वी आईच्या जुन्या स्नेह्यांकडे, केंट परगण्यातील कॅटलेट कुटुंबाकडे जॉन भेटीला गेले. तिथे त्यांना मेरी भेटली. जॉन १७ वर्षांचे होते आणि मेरी १४ची व्हायची होती. त्या घरातून पाय निघेना, मुक्काम लांबला आणि जमैकाचे जहाज चुकले. पुढची अनेक वर्षे न्यूटन यांचे वागणे असेच राहिले : मनाला येईल ते करायचे आणि परिणाम नंतर भोगायचे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काय घडले?

त्या काळी ब्रिटिश नौदलाला माणसे कमी पडली की टोळ्या बंदरात फिरून तरुणांना बळजबरीने उचलून नेत. १७४४ मध्ये न्यूटन असेच उचलले गेले आणि ‘हार्विच’ या युद्धनौकेवर पोहोचले. वडिलांच्या ओळखीमुळे कनिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला, पण त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला. पकडले गेले, सर्वांसमोर चाबकाचे फटके बसले आणि दर्जाही गेला. कप्तानाला ठार मारावे आणि मग स्वतःही मरावे, असे विचार त्या दिवसांत मनात येत होते, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आईने दिलेली श्रद्धा तोवर पूर्णपणे सुटली होती. देवाची टिंगल करण्यात आणि इतरांची श्रद्धा मोडून काढण्यात त्यांना मजा वाटत असे.

पुढे त्यांची रवानगी गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजावर झाली. तिथून ते आजच्या सिएरा लिओनजवळच्या प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे कामाला राहिले. हा काळ सर्वांत वाईट ठरला. तापाने आजारी असताना अन्नपाण्यासाठी तळमळावे लागले. बेड्यांतल्या गुलामांनी स्वतःच्या वाट्याचे अन्न चोरून त्यांना दिले, असेही त्यांनी नमूद केले आहे.

याच काळातील एक तपशील लक्षात राहण्यासारखा आहे. त्यांच्याजवळ भूमितीचे एक पुस्तक होते, युक्लिडचे. ते घेऊन न्यूटन बेटाच्या कोपऱ्यात जाऊन बसत आणि काठीने वाळूत आकृत्या काढत. अंगावर धड कपडे नव्हते, पण प्रमेये सुटत होती. बुद्धी तल्लख होती. ती कशासाठी वापरायची, हे मात्र ठरत नव्हते.

वडिलांनी लिव्हरपूलचे जहाजमालक जोसेफ मॅनेस्टी यांना मुलाचा शोध घेण्याची विनंती केली होती. १७४७ मध्ये मॅनेस्टी यांच्या ‘ग्रेहाउंड’ जहाजाने न्यूटन यांना शोधून काढले.

२१ मार्च १७४८ च्या वादळात काय झाले?

‘ग्रेहाउंड’वर हस्तिदंत, सोने, रंगाचे लाकूड आणि मधमाश्यांचे मेण असा माल होता. परतीच्या वाटेवर, उत्तर अटलांटिकमध्ये, जहाजाला प्रचंड वादळाने गाठले. ब्रिटनमध्ये तेव्हा जुने कॅलेंडर होते, त्यानुसार तारीख १० मार्च. आजच्या हिशोबाने २१ मार्च १७४८.

रात्री लाटेने जहाजाची एक बाजू फोडली. न्यूटन वर जायला निघाले, तेव्हा कप्तानाने त्यांना सुरी आणायला परत पाठवले. त्यांच्या जागी दुसरा खलाशी वर गेला आणि लाटेबरोबर वाहून गेला. मग पहाटेपासून दुपारपर्यंत न्यूटन पंपाशी होते. जहाज बुडाले नाही, याचे एक साधे कारण म्हणजे माल. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलके असल्याने जहाज तरंगत राहिले.

या धावपळीत न्यूटन यांच्या तोंडून सवयीने देवाच्या दयेचा उल्लेख निघून गेला आणि ते स्वतःच दचकले. आपल्यासारख्याला कसली दया, असा प्रश्न त्यांना पडला. पंपावर थकल्यानंतर त्यांना सुकाणूशी उभे करण्यात आले. तिथे मध्यरात्रीपर्यंत उभे असताना आईने शिकवलेल्या ओळी आणि स्वतःचे आजवरचे वागणे आठवत राहिले.

संकट तेवढ्यावर संपले नाही. फुटक्या जहाजाला किनारा गाठायला आणखी चार आठवडे लागले. अन्न संपत आले. बायबलमधल्या योनामुळे जसे जहाजावर वादळ आले, तसे या निंदकामुळे आपल्यावर आले, असे कप्तानाला वाटत होते. अखेर जुन्या कॅलेंडरनुसार ८ एप्रिलला जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. न्यूटन यांनी पुढे आयुष्यभर २१ मार्च हा दिवस प्रार्थनेत घालवला.

मग त्यांनी गुलामांचा व्यापार लगेच सोडला का?

नाही. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा वगळले जाते.

वादळानंतर काही महिन्यांतच न्यूटन ‘ब्राउनलो’ या गुलामांच्या जहाजावर कप्तानाच्या हाताखालचे मुख्य अधिकारी म्हणून रुजू झाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचताच श्रद्धा बाजूला पडली आणि जुन्या सवयी परत आल्या. त्याच प्लँटेन बेटांवर तापाने अंथरुणाला खिळल्यावर ते पुन्हा प्रार्थनेकडे वळले.

याच जहाजाचा एक हिशोब त्यांनी नंतर प्रसिद्ध केला. ‘ब्राउनलो’ आफ्रिकेहून निघाले तेव्हा त्यावर २१८ गुलाम होते. साउथ कॅरोलायनाला पोहोचेपर्यंत त्यांतले ६२ जण दगावले आणि समुद्रात टाकले गेले. म्हणजे दर शंभरातले सुमारे २८. हे जहाज ज्या बंदराला लागले ते चार्ल्सटन होते. तेच शहर, जिथे २०१५ मध्ये ओबामा यांनी हे गीत गायले.

फेब्रुवारी १७५० मध्ये न्यूटन आणि मेरी यांचा विवाह झाला. त्याच वर्षी न्यूटन ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ या जहाजाचे कप्तान झाले. १७५४ पर्यंत त्यांनी कप्तान म्हणून तीन फेऱ्या केल्या. या फेऱ्यांची रोजनिशी आज उपलब्ध आहे. तीत वारा, दिशा, खरेदी आणि मृत्यू यांच्या नोंदी एकाच कोरड्या सुरात आहेत. मरण पावलेल्या गुलामांपुढे नाव नसते, क्रमांक असतो. बंड होईल या संशयावरून काही मुलांचे अंगठे यंत्रात आवळल्याचीही नोंद आहे.

त्याच काळात हे कप्तान रविवारी खलाशांना जमवून उपासना घेत, एकांतात बायबल वाचत आणि मेरीला प्रेमळ पत्रे लिहीत. वर प्रार्थना आणि खाली, लाकडी तक्त्याच्या पलीकडे, बेड्यांतली माणसे. शेवटच्या फेरीत एकही माणूस दगावला नाही, म्हणून त्यांनी लिव्हरपूलच्या चर्चमध्ये देवाचे आभारही मानले.

ही ढोंगबाजी होती का? न्यूटन यांनी स्वतः याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. आपण तुरुंगाचे पहारेकरी झालो आहोत, असे त्यांना वाटत असे आणि अधिक माणुसकीचे काम मिळावे अशी ते प्रार्थनाही करत. मात्र हा धंदाच पाप आहे, असे तेव्हा मनातही आले नाही, अशी त्यांची कबुली आहे. आजूबाजूच्या समाजाला, चर्चला आणि कायद्याला जे मान्य होते, ते त्यांनाही मान्य होते. ही त्यांची सबब म्हणून वाचता येते, तसेच हा इशारा म्हणूनही वाचता येतो.

मग हा व्यवसाय सुटला कसा?

आजारपणामुळे. नोव्हेंबर १७५४ मध्ये पुढच्या फेरीला निघायला दोनच दिवस उरले असताना न्यूटन यांना झटका आला आणि ते बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी समुद्रप्रवास नको असे सांगितले आणि त्यांनी कप्तानपद सोडले. प्रकृतीने साथ दिली असती, तर ते आणखी फेऱ्या करत राहिले असते, असेच दिसते.

१७५५ मध्ये त्यांना लिव्हरपूल बंदरात जकात खात्यात नोकरी लागली. येणाऱ्या जहाजांची तपासणी करून चोरटा माल पकडायचा, असे काम होते. उरलेल्या वेळात त्यांनी ग्रीक आणि हिब्रू शिकून घेतल्या. १७५८ पासून पाद्री होण्यासाठी अर्ज सुरू केले. विद्यापीठाची पदवी नाही, पूर्वायुष्य असे, शिवाय तेव्हाच्या चर्चला न रुचणाऱ्या उत्साही उपदेशकांशी मैत्री. नकारांमागून नकार आले. अखेर १७६४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, लॉर्ड डार्टमथ यांच्या मदतीने त्यांना ओल्नी या गावात नेमणूक मिळाली. आईची इच्छा ३२ वर्षांनी पूर्ण झाली.

‘अमेझिंग ग्रेस’ कधी आणि कशासाठी लिहिले गेले?

ओल्नी हे बकिंगहॅमशायरमधले गरीब गाव. घरोघरी लेस विणण्याचे काम चाले. विणणाऱ्या बायका-मुलांचे डोळे जात, हातात पैसा फारसा येत नसे. न्यूटन खलाशाचा जाडाभरडा कोट घालून घरोघर फिरत. व्यासपीठावरून स्वतःच्या पापांबद्दल सरळ बोलत. तेव्हाच्या पाद्र्यांमध्ये हे दुर्मीळ होते. गर्दी वाढू लागली आणि चर्चमध्ये बसायला माडी बांधावी लागली.

प्रार्थनासभांसाठी न्यूटन सोप्या शब्दांत गीते लिहीत. १ जानेवारी १७७३ रोजी नववर्षाच्या उपदेशासाठी त्यांनी बायबलमधील दावीद राजाचा एक प्रसंग निवडला. मेंढरांमागून उचलून देवाने आपल्याला इथवर आणले, ही आपली योग्यता नव्हे, असे दावीद म्हणतो, तो हा प्रसंग. मागे वळून पाहणे आणि पुढची आशा धरणे, हा त्या दिवशीचा विषय होता. त्यासाठी लिहिलेले गीत म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’.

या गीतात वादळाचे वर्णन नाही, गुलामांचा उल्लेख नाही. बोलणारा स्वतःला अगदी हीन माणूस म्हणवतो आणि देवाने तरीही आपल्याला शोधून काढले, याचे नवल करतो. मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. आपल्याकडचे संतही देवापुढे स्वतःला पतित म्हणवत आले आहेत. ख्रिस्ती विचारात ‘कृपा’ याचा अर्थ न कमावता मिळालेली देणगी. आधी सुधारा, मग या, अशी अट तीत नाही. आधी या, मग सुधारणेची ताकद मिळेल, असा तो क्रम आहे.

१७७९ मध्ये न्यूटन आणि कवी विल्यम कूपर यांची ३४८ गीते ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. त्यांत हे गीत एका कोपऱ्यात होते. आज सर्वत्र गायली जाणारी चाल त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत, विल्यम वॉकर यांच्या ‘सदर्न हार्मनी’ या पुस्तकात मिळाली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ते रुजले आणि तिथून जगभर गेले.

शेजारी राहणाऱ्या कूपर यांना हाच दिलासा का मिळाला नाही?

कृपेची गोष्ट एकाच बाजूने सांगितली की ती जाहिरातीसारखी वाटू लागते. म्हणून कूपर यांचा उल्लेख आवश्यक आहे.

विल्यम कूपर हे त्या काळातील मोठे इंग्रज कवी. तीव्र नैराश्याचा आजार त्यांना तरुणपणापासून होता. १७६७ मध्ये ते न्यूटन यांच्या शेजारी राहायला आले. दोघे रोज भेटत, एकत्र गीते लिहीत. मात्र जानेवारी १७७३ मध्ये, म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिले गेले त्याच महिन्यात, कूपर यांचा आजार पुन्हा उफाळला. देवाने आपल्याला कायमचे टाकून दिले आहे, ही समजूत त्यांच्या मनात घट्ट बसली. त्याच वर्षी त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यानंतर ते चर्चमध्ये गेले नाहीत आणि १८०० मध्ये निधन होईपर्यंत ती समजूत पूर्णपणे गेली नाही.

दोन्ही मित्रांची श्रद्धा एकच होती, त्यांनी गीते एकत्र लिहिली, तरी एकाला उभारी मिळाली आणि दुसऱ्याला नाही. ज्याने माणसे विकली तो निश्चिंत झाला आणि ज्याने कुणाचे काही बिघडवले नव्हते तो स्वतःला शापित समजत राहिला. मनाचा आजार हा श्रद्धेतील कमतरतेचा पुरावा नसतो, हे आज आपल्याला कळते. न्यूटन यांच्याकडे तेव्हा ते शास्त्र नव्हते. त्यांनी एवढेच केले, की कूपर यांना वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरात ठेवून घेतले आणि मैत्री तोडली नाही. कूपर यांनीही १७८८ मध्ये गुलामगिरीविरोधात कविता लिहिल्या आणि त्या चळवळीच्या हाती आल्या.

विल्बरफोर्स यांना न्यूटन यांनी काय सल्ला दिला?

१७८० मध्ये न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये आले. डिसेंबर १७८५ मध्ये २६ वर्षांचे खासदार विल्यम विल्बरफोर्स त्यांना गुपचूप भेटायला गेले. अशा पाद्र्याकडे जाताना कुणी पाहिले तर राजकीय प्रतिष्ठा जाईल, अशी भीती होती. दार वाजवण्याआधी त्यांनी चौकाला एक-दोन फेऱ्या मारल्या. आपली आजवरची ऐषारामी जगण्याची रीत आठवून विल्बरफोर्स अस्वस्थ होते. संसद सोडून धर्मकार्याला वाहून घ्यावे, असा विचार चालला होता.

न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहण्याचा सल्ला दिला. विल्बरफोर्स राहिले आणि पुढे गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या लढ्याचे संसदेतील नेते झाले.

४० वर्षांनी कबुली का दिली?

१७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरोधात समिती स्थापन झाली. त्यानंतर, १७८८ च्या सुरुवातीला, ६२ वर्षांच्या न्यूटन यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली : ‘थॉट्स अपॉन द आफ्रिकन स्लेव्ह ट्रेड’. वादळाला ४० वर्षे, कप्तानपद सोडून ३३ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. १७६४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते, तेव्हा या व्यापाराचा निषेध त्यात नव्हता.

पुस्तिकेत मात्र आडपडदा नाही. ही कबुली फार उशिरा येत आहे आणि आपण कधीकाळी जे काम हाताने केले ते आठवून अंगावर काटा येतो, असे ते सांगतात. जहाजाच्या तळात माणसे फळीवर रचलेल्या पुस्तकांसारखी कशी दाटीने ठेवली जात, जिवंत माणसाच्या शेजारी बेडीत मेलेला माणूस कसा सापडे, याचे वर्णन आहे. रात्री रडणाऱ्या बाळाने झोप मोडली म्हणून एका अधिकाऱ्याने ते आईच्या हातून ओढून समुद्रात फेकले, ही घटनाही आहे. ‘ब्राउनलो’वरच्या २१८ आणि ६२ या आकड्यांचा हिशोबही याच पुस्तिकेत येतो.

या साक्षीचे वजन मोठे होते. व्यापाराचे समर्थक तेव्हा जहाजांवर सारे कसे व्यवस्थित असते, असे सांगत होते. त्यांच्यासमोर आता जहाज चालवलेला माणूस उभा होता. न्यूटन यांनी १७८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या समितीसमोर आणि १७९० मध्ये संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली.

स्वतःचा इतका मोठा दोष चारचौघांत मांडण्याचे धैर्य कुठून आले? क्षमा मिळाली आहे, या विश्वासातून, असे न्यूटन यांच्या लिखाणातून दिसते. दोष मान्य केला तर आपण संपलो, अशी भीती असणारा माणूस तो लपवत राहतो. ती भीती गेली, की खरे बोलता येते. मात्र याच विश्वासावर दुसरी बाजूही तपासावी लागते : क्षमेच्या समाधानात ते इतकी वर्षे गप्पही राहिले. त्या मधल्या काळात ब्रिटिश जहाजांनी लाखो आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली. न्यूटन यांच्या मनाला १७४८ मध्ये दिलासा मिळाला, पण त्यांच्या विलंबाची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

भारताशी आणि मराठीशी काही संबंध आहे का?

आहे, थोडा वळणाचा. १७९३ मध्ये विल्यम केरी हे धर्मोपदेशक भारतात यायला निघाले होते. ईस्ट इंडिया कंपनी परवानगी देत नव्हती आणि पोहोचल्यावर परत पाठवले तर काय, ही चिंता होती. लंडनमध्ये त्यांनी न्यूटन यांचा सल्ला घेतला. देवाचे तिथे काही काम असेल तर कंपनी ते रोखू शकणार नाही, या आशयाचा धीर न्यूटन यांनी दिला.

केरी बंगालमध्ये आले. पुढे कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजमध्ये त्यांनी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवली. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ मध्ये श्रीरामपूर येथून त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या पुस्तकांना सुरुवातीचे स्थान आहे.

दोषांसह श्रद्धा ठेवणाऱ्यांना न्यूटन काय सांगत?

न्यूटन यांची खरी हातोटी पत्रांत होती. आपण पुन्हा पुन्हा तीच चूक करतो, मग आपली श्रद्धा खोटी आहे का, असे विचारणारी पत्रे त्यांना येत. त्यांनी ‘ओमिक्रॉन’ या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांत श्रद्धेची वाढ पिकाच्या तीन अवस्थांत सांगितली आहे : आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. पेरल्याबरोबर दाणा मागू नये आणि अंकुर कोवळा आहे म्हणून तो उपटूही नये, असा त्याचा रोख आहे. गंमत म्हणजे पहिल्या अवस्थेतला माणूस उत्साहाने भारलेला असतो, तर पिकलेल्या अवस्थेतला स्वतःच्या दोषांची अधिक जाणीव बाळगतो. म्हणजे वाढ होते तसे दोष अधिक स्पष्ट दिसू लागतात. न्यूटन यांच्या स्वतःच्या आयुष्याला हे तंतोतंत लागू पडते.

१७९० मध्ये पत्नी मेरी यांचे निधन झाले. उतारवयात न्यूटन यांची नजर आणि स्मरणशक्ती दोन्ही क्षीण झाल्या, तरी ते उपदेश देत राहिले. २५ मार्च १८०७ रोजी ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवणाऱ्या कायद्याला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, ८२ व्या वर्षी, न्यूटन यांचे निधन झाले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा यायला मात्र १८३३ उजाडावे लागले.

स्वतःच्या समाधीवरचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. त्यात आपण एकेकाळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचेही चाकर होतो आणि ख्रिस्ताच्या दयेने वाचलो, असा आशय आहे. कप्तान म्हणून केलेल्या तीन फेऱ्यांचा उल्लेख त्यात नाही. ती नोंद १७८८ च्या पुस्तिकेत आणि रोजनिशीत आहे. न्यूटन यांचे गीत गाताना ही दोन्ही कागदपत्रेही सोबत वाचायला हवीत. गीतातून दिलासा मिळतो. तो मिळाल्यावर माणसाने काय करायचे होते आणि त्याला किती उशीर झाला, हे त्या कागदपत्रांतून कळते.